दोन वेण्यांची मुलगी

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचाच संशय येतो, बाकीच्यांचा नंतर. पोलीस खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने असं म्हणावं हे विचित्र वाटेल, पण पुढे वाचलंत की कळेल. नावं कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांनी मला वाईट वागवलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातला मधला काळ. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दहिवडी आणि इस्लामपूर करून माझी फौजदार म्हणून बदली झाली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका लहान ठाण्यात. मी मूळचा वाईचा. वडील शाळामास्तर. घरात देवपूजा होती, पण अंगात येणं, उतारे टाकणं असल्या गोष्टींची वडील जेवताना थट्टा करायचे आणि आम्ही भावंडं हसायचो. त्यामुळे आपण या सगळ्याच्या पलीकडचे आहोत, असा माझा पक्का समज होता.

ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी आणि ढकलल्याशिवाय चालू न होणारी जीप. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग चहा, मग तक्रारी. माझा हवालदार त्याच भागातला होता. त्याला कानडी येत असे आणि प्रत्येक गावात त्याचा कोणी ना कोणी पाहुणा निघे. मी नवखा. त्या भागाकडे मी त्याच्याच डोळ्यांनी पाहत होतो म्हटलं तरी चालेल.

त्या हिवाळ्यात जवळच्या नदीवर पुलाचं काम चालू होतं आणि गावोगाव एक बोलवा पसरली होती. पुलाच्या खांबाखाली लहान पोर पुरल्याशिवाय खांब टिकत नाही, म्हणून पोती घेऊन माणसं फिरताहेत. आयाबाया मुलांना शाळेत धाडेनात. पुलावरच्या मुकादमाला एका गावात कोणी पाणी दिलं नाही, ती तक्रारही आली. मी हसलो, डायरीत नोंद केली आणि विसरून गेलो.

एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एका गावचा कोतवाल सायकल हाणत आला. धापा टाकतच म्हणाला, "सायेब, बिगीनं चला. पोरं धरणारा घावलाय. पाटलांनी कसंबसं थोपवलंय, न्हाई तर मुडदाच पडंल."

जीप ढकलली आणि निघालो. चावडीसमोर दोनेकशे माणूस जमलं होतं. मधल्या खांबाला एक चाळिशीचा माणूस बांधला होता. तोंड सुजलेलं, सदरा फाटलेला. शेजारी त्याचं सामान पडलं होतं, भाता, नवसागराची पुडी, आणि कोळशाचं काळं पोतं. तो कल्हईवाला होता, खंडाळ्याकडचा. भांड्यांना कल्हई करत गावोगाव फिरायचा.

गावचे पोलीस पाटील पुढे आले. फौजेत सुभेदार होते, लढाई पाहिलेला माणूस. पाठीचा कणा अजून ताठ होता. त्यांनी मला नीट सलाम केला आणि म्हणाले, "आवं सायेब, गावातली एक पोरगी सकाळपास्नं न्हाई. नऊ वर्साची. ह्यो पोतं घिऊन आला आन् पोरगी गेली. लोकांनी बगितलंय."

मी माणूस सोडवून जीपमध्ये बसवला. त्याला पाहून मलाही तो बरा वाटला नाही, हे कबूल करतो. भटक्या माणसाकडे चोर म्हणूनच बघायची सवय खात्याने लावली होती. त्याच्या पोत्यात मी स्वतः हात घालून पाहिलं. कोळसेच होते.

मुलीच्या घरी गेलो. बापाने फिर्याद दिली. आई चुलीपाशी बसून होती. तिने आम्हाला चहा केला. हरवलेल्या मुलांच्या घरी मी बरेच वेळा गेलो आहे. तिथे आई फौजदाराचा हात धरते, जीपमागे धावते, शिव्यासुद्धा घालते. या बाईने खाली मान घालून कपबशा मोजून ठेवल्या आणि एकदाही विचारलं नाही की माझी पोर कधी सापडेल.

मग चावडीत बसून नऊ जणांचे जबाब घेतले. पहिला म्हणाला, मुलीच्या अंगात हिरवा परकर होता, दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. दुसरा तेच म्हणाला. तिसरा, चौथा, सगळे तेच, त्याच क्रमाने. पोतं हलताना पाहिल्याचं सहा जणांनी सांगितलं. हवालदार लिहीत होता आणि माझा संशय वाढत होता. खरं पाहिलेली चार माणसं एकमेकांशी भांडतात. एक म्हणतो सकाळ, दुसरा म्हणतो दुपार. त्यात शेजाऱ्याच्या पोरीच्या रिबिनीचा रंग सांगणारा शेतकरी मी तोवर पाहिला नव्हता. तिथे तर लागोपाठ नऊ बसले होते.

"पाटील," मी म्हणालो, "तुमच्या गावातले पुरुष पोरींच्या वेण्या बारकाईनं बघतात असं दिसतंय."

पाटील हसले नाहीत. "गावात सगळ्यांची पोरं सगळ्यांचीच असत्यात, सायेब," एवढंच म्हणाले.

कल्हईवाल्याला ठाण्यात आणून कोठडीत ठेवला. चोवीस तासांत त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. मुलगी सापडली नाही आणि नऊ साक्षीदार ठाम राहिले, तर त्याची रवानगी तुरुंगात होणार हे उघड होतं. आणि पोरगी खरोखरच कुठेतरी संकटात असेल, तर प्रत्येक तास महागात पडणार होता.

दुसऱ्या दिवशी हजेरी उरकून त्याला समोर बसवला. "दोन वेण्यांची, लाल रिबिनींची पोरगी कुठं पाहिलीस?" हे मी त्याला निरनिराळ्या तऱ्हेने दहा-बारा वेळा विचारलं. तो रडकुंडीला आला.

"न्हाई बगितली, सायेब. आयच्यान न्हाई. तसली पोरगी मला कुठं घावलीच न्हाई."

त्याच्या सांगण्यात फरक पडत होता. कधी म्हणे गावात दहाला आलो, कधी अकराला. एका घरची दोन भांडी म्हणाला, मग तीन. मला त्याच्यावर विश्वास वाटू लागला तो तिथेच. पाठ केलेलं असं घसरत नाही. मी वेण्या बाजूला ठेवल्या आणि आमची जुनी रीत धरली.

"काल एस.टी.तून उतरल्यापासून तुला कोणकोण दिसलं ते सांग. कुत्रं दिसलं असेल तर तेही सांग."

तो आठवू लागला. फाट्यावर सकाळची पहिली गाडी आली, त्यातून तो उतरला. एक दूधवाला होता. एक म्हातारा तंबाखू मागत होता. "आन् मी उतरलो त्याच गाडीत एक म्हातारी चढली. कपाळभर भंडारा, हातात परडी. तिच्यासंगं एक पोरगी हुती, डोक्यावर जटेचा ह्यो एवढा गुंता. तिला चढाय येईना म्हणून मीच वर उचलून दिली."

मी हवालदाराकडे पाहिलं. तो जबाब लिहीत होता. त्याचं पेन थांबलं होतं.

"लिही की," मी म्हणालो.

त्याने लिहिलं नाही. कल्हईवाल्याला बाहेर बसवून मी दार लावलं. माझ्याच ठाण्यात, माझ्याच माणसाकडे मी आरोपीकडे बघावं तसा पाहत होतो.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "मग ती पोरगी हरवलेली न्हाई. देवीला निघालीय."

ज्या मुलीच्या केसांत आपोआप जट धरते तिला देवीने मागितलं, असं त्या भागात मानत. जटेला कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही. पौर्णिमेच्या जत्रेत मुलीला देवीला सोडायची. तिचं पुढे लग्न होत नाही, घर होत नाही, परडी घेऊन दारोदार फिरायचं, आणि गावातली पुरुषमंडळी तिला कोणाचीच नसलेली समजून वागवतात. कायद्याने यावर इंग्रजांच्या काळापासून बंदी होती. कागदावर. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती.

"तुला हे कालच कळलं होतं?"

"तिच्या घरात कोनाड्यात परडी मांडलेली हुती. भंडाऱ्यानं भरलेली. तुमीबी बगितली की."

खरंच बघितली होती. मला ती टोपली वाटली.

"मग बोलला का नाहीस? एक निरपराध माणूस कोठडीत आहे!"

"देवीच्या कामात तोंड कसं घालायचं, साहेब?" तो म्हणाला. मग पेनाला टोपण लावत म्हणाला, "माझी थोरली भन सोडलेली हाय. तिनं चार दारं हिंडून मला शिकीवला. त्ये वाईट हाय असं मी म्हणू तरी कसं?"

मला त्याचा राग आला होता, आणि त्या उत्तरापुढे तो टिकलाही नाही.

जत्रेला जाणाऱ्या गाड्या सीमेअलीकडच्या शेवटच्या गावाबाहेर, एका चिंचेच्या बनात जमतात आणि तिथून एकत्र पलीकडे निघतात, हे हवालदारानेच सांगितलं. पलीकडे माझी हद्द संपत होती. दुपारी बाराच्या आत आम्ही तिथे पोहोचलो. वीस-पंचवीस बैलगाड्या सोडून ठेवल्या होत्या, चुली पेटल्या होत्या. एका गाडीखाली ती मुलगी भाकरी खात बसली होती. हिरवा परकर खरा होता. वेण्या नव्हत्या. डोक्यावर केसांचा घट्ट, जड गोळा होता आणि ती एका हाताने मान खाजवत होती.

आम्ही तिला घेतलं तेव्हा कोणी अडवलं नाही, कोणी शिवी दिली नाही. सगळे हातातली कामं थांबवून नुसते आमच्याकडे बघत राहिले. उद्या ज्याचं काहीतरी वाईट होणार आहे त्याच्याकडे बघावं, तसे. म्हातारी जोगतीण जीपमध्ये बसताना म्हणाली, "तुमी न्या. देवी सोडती का बगा."

ठाण्यात परत येऊन कल्हईवाल्याला मोकळं केलं. त्याने मुलीला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सायेब, तुमी सारखं दोन येण्या, दोन येण्या म्हणत हुता. खरी पोरगी इचारली असती तर तवाच सांगितलं असतं की!" एका वाक्यात त्याने गावाचं कारस्थानही सांगितलं आणि माझ्या तपासातली चूकही. जटेचं नाव निघालं तर सगळंच बाहेर येईल, म्हणून गावाने मुलीला वेण्या घातल्या होत्या, आणि तिला पाहिलेला एकमेव माणूस त्या वेण्यांमुळेच गप्प राहिला होता.

निरोप गेल्यावर तासाभरात आईबाप आले, पाटील आले, मागून निम्मं गाव आलं. पाटलांना मी आत घेतलं आणि आवाज चढवला. त्यांनी काही लपवलं नाही. मुलीला पाठवायचं गावातल्या जाणत्या माणसांनी मिळून ठरवलं होतं. दुष्काळात दोन विहिरी आटल्या, या घरातली दोन लेकरं दगावली, ते सगळं जट आलेली पोर घरात अडवून ठेवल्यामुळे, असं सगळ्यांच्या मनाने घेतलं होतं. मुलगी सकाळी गेली. गावातल्या पोरांनी ती हरवल्याची आवई उठवली, तेवढ्यात पोतं घेऊन कल्हईवाला आला. ज्यांना माहीत नव्हतं ते त्याच्यावर तुटून पडले, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना तोंड उघडता येईना.

"तो मेला असता तर, पाटील?"

"म्हणून तर कोतवाल धाडला, सायेब." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याच्या पल्याड माझी हिंमत झाली न्हाई. गोळ्या खाल्ल्यात मी. पर त्या टायमाला संगं पलटण हुती. गावात एकट्यानं हुबं ऱ्हायाचं म्हंजे लय येगळं."

जबाब देणाऱ्यांपैकी एकाला मी विचारलं, पोरगी एस.टी.ने गेलेली तुला ठाऊक होतं, मग पोतं हलताना कसं दिसलं? त्या माणसाने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "खोटं न्हाई बोलत, सायेब. सगळी म्हणाय लागली तवा मला खरंच हललेलं दिसलं." मला वाटतं तो खरं बोलत होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं, तशी सगळी गर्दीही मागोमाग तिथे आली. डॉक्टरांनी जट उचलून पाहिली. खाली डोक्याला जखमा झाल्या होत्या. "काढावी लागेल," ते म्हणाले. मलाही ते पटलं, दुसऱ्या कारणाने. जट राहिली तर पुढच्या पौर्णिमेला पोरगी पुन्हा त्याच गाडीत बसणार. मी काय दरवर्षी बनात जाऊन उभा राहणार होतो?

डॉक्टर हात धुऊन म्हणाले, हे काम न्हाव्याचं. न्हाव्याला बोलावलं. तो दारातच थांबला. "सायेब, माजी लेकरंबाळं हायत. बेड्या घाला, पर ह्ये सांगू नका." नर्सबाई गरम पाणी आणायला म्हणून गेल्या त्या दाराआडच उभ्या राहिल्या. हवालदार भिंतीकडे बघत होता.

मी वैतागून कात्री उचलली. मुलगी माझ्याकडे वर बघत होती. एका हाताने जट धरली. ती ओलसर आणि जड होती. कात्री लावली आणि माझा हात थांबला.

माझी बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तोपर्यंत सबंध दिवसात तिची आठवण झाली नव्हती, आणि नेमकी तेव्हाच झाली. असल्या गोष्टी खोट्या असतात हे मला माहीत होतं. तरी आत कोणीतरी म्हणत होतं, असेना का खोट्या, पण आत्ताच कशाला? बाहेर दोनशे माणसं श्वास धरून उभी होती आणि त्यांची भीती भिंतीतून आत येऊन माझ्या मनगटात बसली होती.

मी कात्री टेबलावर ठेवली आणि हवालदाराला म्हणालो, "आधी आईवडिलांची लेखी संमती घ्या. कायदेशीर बाब आहे."

आयुष्यभर मी लोकांच्या सबबी ऐकल्या आहेत. माझ्या आवाजातली सबब मला लगेच ओळखू आली. हवालदारालाही आली असावी.

संमतीसाठी आईला आत घेतलं. मुलीने तिला पाहिलं आणि पहिल्यांदाच रडू लागली. "आय, नगं कापाय लावू. जट कापली की आय मरती. म्हातारीनं सांगितलंय. मी जाती देवीला. तू मरू नगंस."

म्हणजे ती पोर स्वतःच्या पायाने निघाली होती ती याचसाठी.

बाईने पदराने मुलीचं तोंड पुसलं. मग तिने कागद नाही, कात्री उचलली. "मरंन तर मरंन," ती म्हणाली. "लेकरानं माझ्यापायी का जायाचं?" तिचे ओठ देवीचं नाव घेत होते. कात्री बोथट होती, जट कापायला बराच वेळ लागला. ती जमिनीवर पडली तेव्हा बाई डोळे मिटून तशीच उभी राहिली. आता काहीतरी होणार, याची वाट बघत. आम्हीही बघत होतो. मुलीने मान हलवली आणि म्हणाली, "आय, गार लागतंय."

बाहेर जायच्या आधी मी दार धरून उभा राहिलो. त्या बाईला त्याच गावात राहायचं होतं. मी आतल्या सगळ्यांना सांगितलं, जट फौजदाराने कापली. डॉक्टर, नर्सबाई, हवालदार, न्हावी आणि मी, पाच जणांनी बाहेर येऊन एकच सांगितलं. आई काही बोललीच नाही. पाटलांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण मीच कापली हे त्यांनी वळून गावाला मोठ्याने सांगितलं.

बापावर, म्हाताऱ्या जोगतिणीवर आणि मारहाण करणाऱ्यांवर रीतसर खटले भरले. कल्हईवाल्याच्या बाजूने पहिली साक्ष पाटलांनी दिली. त्या गावात पुढे बैल दगावला तरी माझ्या नावाने बोटं मोडत, असं हवालदार सांगायचा. मला मुलगी झाली, धडधाकट झाली. पण तिला साधा ताप आला तरी पहिली काही वर्षं मला ती जट आठवायची. जी मी कापलीच नव्हती.

ती आई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली, नातवंडं पाहून गेली. गेल्या वर्षी त्याच मुलीने मला ते कळवलं, म्हणून आज हे लिहिलं. माणसं खोटं का बोलतात हे मला खात्याने शिकवलं होतं. पण चांगली माणसं मिळून एखादी गोष्ट मानू लागली की त्यांना ती दिसू लागते, आणि बाहेरून आलेल्या शहाण्यालाही त्यांच्यात उभं राहिलं की तिची भीती वाटते, हे त्या गावाने शिकवलं. गावाला नावं ठेवायचा अधिकार मी त्या दिवशी गमावला. अशा वेळी वेगळं उभं राहायला शिक्षण लागतं, असं मला वाटायचं. ती बाई शिकलेली नव्हती, आणि तिची श्रद्धाही ढळली नव्हती. जट कापली की आपण मरणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने कापली. काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी कात्री खाली ठेवली.